मीटर कुठे पळतंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळ्याची बिलं हाती पडू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : मार्चमध्ये आमचा वापर १४० युनिट होता, मे महिन्यात ३३० झाला. एसी नाही, कूलर, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही एवढंच. सासूबाई रोज विचारतात, "बिल इतलं कसं काय उनं?" मीटर खराब असेल का? (अमळनेरच्या एक गृहिणी)

ताई, मीटरवर संशय घेण्याआधी बिलाची रचना बघा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर असतो. १०१ ते ३०० साठी त्याहून बराच चढा आणि ३०० च्या पुढे आणखी चढा. त्यावर वहन आकार, स्थिर आकार आणि कधी कधी इंधन समायोजन आकार बसतो, मग या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून युनिट दुप्पट झाली की बिल दुपटीहून जास्त वाढतं. पण ३०० ची रेघ ओलांडली की सगळी युनिटं महाग होतात, हा समज चुकीचा आहे. वरची ३० युनिटंच वरच्या दराने लागतात. तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट या महागड्या टोकाकडून कमी होतं, त्यामुळे ४० युनिट वाचले तरी बिलात फरक दिसतो.

आता मीटर. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो, बहुधा ३२०० किंवा १६००. एका युनिटमागे दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. तुमचा आकडा ३२०० असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, उत्तर वॅटमध्ये मिळेल. १६०० असेल तर २२५० ला भागा. भार जास्त असेल आणि दिवा भराभर लुकलुकत असेल तर दहा लुकलुकी मोजा आणि ११२५ ऐवजी ११,२५० घ्या.

पहिल्यांदा घरातली सगळी बटणं बंद करा, मेन मात्र चालू ठेवा. फ्रिजचं बटणही बंद. तरीही दिवा ४५ सेकंदांनी लुकलुकला (इथले आणि पुढचे सेकंद ३२०० च्या मीटरचे) तर कुठेतरी २५ वॅट चालू आहेत, म्हणजे महिन्याला १८ युनिट. हे बहुतेक वेळा बटण बंद करायचं राहून गेलेल्या सेट टॉप बॉक्स, वायफाय आणि इन्व्हर्टर यांचं काम असतं. रिमोटने टीव्ही बंद केला तरी सेट टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करेपर्यंत वीज खातच राहतो. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली की ती कधीच पूर्ण भरत नाही आणि चार्जिंग थांबतच नाही. बॅटरीला हात लावल्यावर ती गरम लागत असेल, डिस्टिल्ड वॉटर सारखं घालावं लागत असेल, तर दोष तिथेच आहे.

काही मीटरांत भार नसला की दिवा नुसता लागून राहतो, ते ठीक. पण घरातला मेन स्विच खाली पाडूनही तो लुकलुकत असेल तर मीटर ते मेन या पट्ट्यात गळती आहे किंवा दुसऱ्याचा भार तुमच्या मीटरवर आहे. तिथे स्वतः हात घालू नका. परवानाधारक वायरमन बोलवा. तेवढं झाल्यावर एकेक उपकरण एकटं लावून तपासा. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना दिवा नऊ सेकंदांनी लुकलुकला तर १२५ वॅट, म्हणजे सगळं ठीक. मात्र कॉम्प्रेसर थांबतच नसेल तर दाराचं रबर बघा. दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर बदला. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि थर्मोस्टॅटचा काटा विनाकारण सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवू नका.

प्रश्न : रात्रभर कूलर लावतो, तरी खोली चिकट होते आणि गारवा येत नाही. आता एसीच घ्यावा का? (भुसावळचे एक रेल्वे कर्मचारी)

भाऊ, तुमच्या गावची एप्रिल-मे महिन्यातली कोरडी हवा कूलरसाठीच आहे. बाहेर ४३ अंश आणि हवा कोरडी असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. तो गारवा पाण्याच्या बाष्पीभवनातून येतो, म्हणून कूलरला आत कोरडी हवा लागते आणि दमट हवेला बाहेर वाट लागते. तुमचं वर्णन वाचून वाटतं की कूलर खोलीत ठेवलाय आणि दारं-खिडक्या बंद आहेत. मग तीच ओली हवा तो पुन्हा पुन्हा फिरवतो आणि तासाभरात अंगाला चिकटपणा येतो. कूलर खिडकीला बाहेरून बसवा, समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. उघडी जागा कूलरच्या तोंडाएवढी तरी असावी. याला पैसा लागत नाही.

मग पॅड बघा. लाकडी गवताचे पॅड दीड-दोन महिन्यांत खाली बसतात आणि वरच्या बाजूला चार बोटांची फट पडते. पंख्याला तिथून हवा ओढणं सोपं जातं, त्यामुळे गरम हवा थेट आत येते. वरच्या पन्हळीची भोकं क्षारांनी बुजतात, पॅडचे पट्टे कोरडे राहतात. दर आठवड्याला सुईने मोकळी करा. बोअरचं जड पाणी असेल तर टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि नुसती वरून भर घातली की ते घट्ट होत जातात. डेंग्यूच्या डासांचाही बंदोबस्त त्यातच होतो, फक्त टाकीच्या कडा घासून कोरड्या करा, कारण अंडी कडांना चिकटलेली असतात.

खर्चाचं सांगायचं तर मोठा कूलर पंप धरून साधारण २०० वॅट घेतो. रोज दहा तास म्हणजे महिन्याला ६० युनिट. दीड टनाचा एसी सरासरी एक किलोवॅटने आठ तास चालला तर २४० युनिट होतात, आणि ती सगळी वरच्या टप्प्यांत जातात. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की मात्र कूलरचा जोर संपतो. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. एसी घेतलाच तर तो २४-२६ अंशांवर ठेवा आणि सोबत छताचा पंखा हळू लावा. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

एक गोष्ट मात्र टाळू नका. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा, घरात खरं अर्थिंग हवं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. पाणी भरताना प्लग काढून ठेवायचा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात.

प्रश्न : पंखा दोनवर ठेवला तर वीज वाचते की नाही? (शिरपूर)

रेग्युलेटर कोणता त्यावर आहे. जुना मोठा डबा असेल तर वाचलेली बरीचशी वीज तो डबाच उष्णता करून घालवतो. छोटा इलेक्ट्रॉनिक असेल तर खरोखर वाचते. पंखा पाचवरही रेंगाळत असेल तर आधी कंडेन्सर बदला, बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. नवा घ्यायचा असेल तर बीएलडीसी (कमी विजेवर फिरणाऱ्या ब्रश नसलेल्या मोटरचा) घ्या. साध्या पंख्याचे ७५ वॅट, याचे ३० च्या आसपास. आपल्याकडे पंखा वर्षातले नऊ महिने, दिवसाला सोळा तास फिरतो असं धरलं तर एका पंख्यामागे वर्षाला १९० च्या वर युनिट वाचतात. पण घरातले सगळे एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त फिरतो, तो आधी.

प्रश्न : गॅस परवडत नाही. इंडक्शन शेगडी घेऊ का? (चोपडा)

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते, पण गॅसच्या शेगडीवर त्यातली ६० टक्क्यांच्या आसपासच भांड्याला मिळते. इंडक्शनवर ८५ टक्के धरा. म्हणजे एक सिलिंडर इंडक्शनच्या सुमारे १२७ युनिटांएवढं काम करतो. आता तुमच्या गावची सिलिंडरची किंमत १२७ ने भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा तुमचं शेवटचं युनिट, सगळे आकार आणि शुल्क धरून, स्वस्त असेल तरच इंडक्शन परवडतं. महिन्याला १०० युनिटांच्या आत असलेल्या घरांचा हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो. १०० च्या पुढे गेलेल्यांना गॅसच स्वस्त पडतो. कळण्याची भाकरी जाळावर फुगवायला, भरिताची वांगी भाजायला गॅस लागणारच.

तेव्हा आधी गॅस वाचवा. तुरीची डाळ तासभर भिजवून कुकरला लावा आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. जोराच्या आचेवर शिट्ट्या मोजत बसलं की फक्त वाफ जाते, डाळ लवकर शिजत नाही. ज्योत पिवळी दिसत असेल, भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल तर बर्नर काढून गरम सोड्याच्या पाण्यात भिजवा, भोकं पिनने मोकळी करा, पूर्ण सुकल्यावरच बसवा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाता कामा नये.

प्रश्न : गिझर दिवसभर चालू ठेवला तर कमी वीज लागते, असं ऐकलं. खरं का? (जळगाव)

नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला अर्ध्या युनिटापेक्षा थोडं जास्त लागतं, दोन किलोवॅटच्या गिझरला १५-१६ मिनिटं. उरलेला दिवसभर तो टाकीच्या भिंतीतून निसटणारी उष्णता भरून काढत राहतो. अंघोळीआधी वीस मिनिटं लावा, काटा ५० वर ठेवा. पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागत असेल तर कॉइलवर क्षारांचा थर बसला आहे. दर दोन वर्षांनी ती काढून साफ करून घ्या.

प्रश्न : वरच्या मजल्यावर राहतो. स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत तापलेला असतो. काही स्वस्त उपाय? (नंदुरबार)

चुना. होळीनंतर लगेच करा. गच्ची झाडून धुवा आणि भेगा आधी सिमेंटने भरा. विझवलेला चुना रात्रभर भिजवून कापडातून गाळा, ताकाएवढा पातळ करा, त्यात बांधकामाच्या दुकानात मिळणारा पांढरा डिंक घाला. स्लॅब किंचित ओला करून संध्याकाळी पहिला हात, तो सुकल्यावर आडव्या दिशेने दुसरा. उन्हात लावला की चुना झटकन सुकतो आणि पापुद्रे सुटतात. कळीचा (न विझवलेला) चुना आणला तर लोखंडी बादलीत पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून डोळ्यांत जातो. पहिल्या जोरदार पावसात बराचसा धुऊन जाईल, म्हणून हा खर्च दरवर्षीचा समजा. पश्चिमेच्या भिंतीला वीतभर अंतर सोडून हिरवी जाळी किंवा तुराट्यांचा ताटवा बांधला तर संध्याकाळचा ताव कमी होतो.

प्रश्न : छतावर सोलर किती किलोवॅटचं घ्यावं? (धुळे)

वरचे उपाय करून दोन-तीन महिन्यांची बिलं बघा, मग ठरवा. आधीचं फुगलेलं बिल धरून मोठं सोलर बसवणं म्हणजे उधळपट्टीसाठी कर्ज काढणं. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतं. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान आहे, तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला एकूण ७८,०००. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या निंबाची सावली दुपारी पॅनलवर पडते का, ते ठेकेदार यायच्या आधी स्वतः बघून ठेवा. बसवल्यावर धुळीसाठी दर पंधरा दिवसांनी धुवा, पण सकाळी ऊन चढण्याआधी. तापलेल्या काचेवर गार पाणी घालू नका, आणि बोअरचं पाणी वापरलं तर लगेच रबरी वायपरने निपटून घ्या, नाहीतर पांढरे डाग काचेवर पक्के बसतात.