कान चिघळतात, मानेवर चट्टा उठतो: दागिने आणि त्वचेची ॲलर्जी

लग्नसराई उरकून पावसाळा तोंडावर आला की या विषयावरची पत्रे वाढतात. यंदाही वाढली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्र. गेली पंधरा वर्षे भुलेश्वरहून घेतलेले झुमके आणि ठुशी घालते आहे. कधी त्रास झाला नाही. मे महिन्यात भाचीच्या लग्नात दिवसभर सेट घातला आणि तिसऱ्या दिवशी कानाच्या पाळ्या सुजून पाणी सुटले. तोच सेट, तेच कान. मग आत्ताच काय झाले?
– एक वाचक, लालबाग

उ. सेट तोच असला तरी त्याचा मुलामा आता तेवढा राहिलेला नाही. नकली दागिना बहुधा पितळेचा किंवा तशाच एखाद्या मिश्रधातूचा असतो. त्यावर गुळगुळीत चकाकी यावी म्हणून पुष्कळदा निकेलचा थर देतात आणि वरून सोन्याचा अगदी पातळ मुलामा चढवतात. हा मुलामा घाम, अत्तर आणि घासण्याने झिजतो. झिजला की खालचे निकेल थेट कातडीला लागते. घामातल्या मिठाने निकेलचे अतिसूक्ष्म कण विरघळून त्वचेत उतरतात. मुंबईच्या मे महिन्यात, हॉलमधल्या गर्दीत आठ-दहा तास तो सेट अंगावर म्हणजे निकेल विरघळायला याहून अनुकूल परिस्थिती नाही.

पंधरा वर्षे त्रास झाला नाही याचा अर्थ ॲलर्जी नव्हती, एवढाच. ती कधीही सुरू होऊ शकते. शरीराच्या प्रतिकारशक्तीने एकदा निकेलला शत्रू म्हणून ओळखले की ती ओळख सहसा आयुष्यभर राहते. यापुढे निकेल लागले की २४ ते ७२ तासांत पुरळ उठेल. हा उशीरच लोकांना चकवतो. दागिना शनिवारी घातलेला असतो, खाज सोमवारी सुटते आणि दोष रविवारच्या कोळंबीला दिला जातो. कोळंबीने अंगावर पित्त उठते ते बहुधा काही मिनिटांत किंवा दोन-तीन तासांत. तिसऱ्या दिवशी फक्त पाळीवर पाणी सुटत असेल तर कानातले काय होते ते आधी आठवा.

आता उपचार. कानात काहीही घालू नका. स्वच्छ सुती कापडाची घडी गार पाण्यात भिजवून, पिळून, १० ते १५ मिनिटे पाळीवर ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा करा. पाणी यायचे थांबले की साधी पेट्रोलियम जेली लावा. खाज जास्त असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम दिवसातून दोनदा, पातळ, पाच ते सात दिवस. त्याहून जास्त दिवस लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पिवळी खपली, पू, ठणका किंवा ताप असेल तर मात्र थांबू नका, त्यात जंतुसंसर्ग झालेला असतो.

लिंबू, कच्ची हळद, जंतुनाशक द्रव यांतले काहीही चिघळलेल्या पाळीवर नको. सर्वांत कळकळीची विनंती औषधाच्या दुकानात मागून घेतल्या जाणाऱ्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ ट्यूबविषयी आहे. तिच्यात कडक स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र असते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणसे ती महिनोन्‌महिने लावतात आणि कातडी पातळ होऊन बसते. तिच्यातल्या निओमायसिन या प्रतिजैविकाचीच ॲलर्जी असणारे लोकही कमी नाहीत. त्यांची पुरळ औषधानेच वाढत जाते.

प्र. मंगळसूत्र २२ कॅरेटचे, हॉलमार्कचे. तरी मानेच्या मागे रुपयाएवढा चट्टा आहे. सोनाराने फसवले असेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उ. सोनारावर शंका घेण्याआधी चट्टा नेमका कुठे आहे ते आरशात बघा. धातूची ॲलर्जी धातू टेकतो तिथेच उठते, त्यामुळे पुरळीची जागा हाच मोठा पुरावा असतो. मानेमागे एकच गोल चट्टा म्हणजे बहुतेक वेळा मंगळसूत्राचा आकडा (हूक) किंवा कडी. बेंबीखाली असेल तर जीन्सचे बटण, मनगटावर एकाच बाजूला असेल तर घड्याळाचा बक्कल, पाठीवर मधोमध असेल तर ब्राचा हूक. छातीवर वाट्यांच्या आसपास असेल तर मंगळसूत्राला कायम अडकवून ठेवलेली सेफ्टी पिन काढून बघा. ही पिन कुणाच्या लक्षातच येत नाही.

हॉलमार्कवरची ९१६ ही संख्या सांगते की हजारात ९१६ भाग सोने आहे. उरलेले ८४ भाग बहुधा तांबे आणि चांदी असतात, पण हॉलमार्क त्यांची नावे सांगत नाही. आणि काळी पोत ज्या तारेत गाठवली आहे ती तार, नंतर बदललेला आकडा, तुटल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात घाईने बसवलेली कडी यांच्याविषयी तो काहीच बोलत नाही. २२ कॅरेटमध्ये निकेल असण्याची शक्यता कमी. १८ किंवा १४ कॅरेटच्या पांढऱ्या सोन्यात मात्र ते असू शकते. वर ऱ्होडियम या धातूचा मुलामा असतो तोवर ठीक, तो उडाला की खाज सुरू.

मंगळसूत्र काढून ठेवायला मन होत नसेल तर काढू नका. वाट्या आणि मणी साध्या, न रंगवलेल्या सुती दोऱ्यात ओवून घ्या, मागे गाठ मारा आणि दोन-तीन आठवडे तसेच घाला. आंघोळीनंतर दोरा आणि मान दोन्ही कोरडी करा. चट्टा मावळला तर दोष आकड्याचा किंवा तारेचा. मग गाठवून घेताना तार, कडी, आकडा तिन्ही २२ कॅरेटचे मागा. नुसता आकडा बदलून भागेलच असे नाही.

चट्टा मावळला नाही, किंवा पुरळ केसांच्या कडेने पसरलेली असेल, तर केसांचा डाय आणि मानेवर मारलेले अत्तर यांचाही विचार करा.

प्र. दागिन्यात निकेल आहे की नाही हे घरी कळते का? ‘निकेल-फ्री’ लिहिलेले विश्वासाने घ्यावे का? आतून नेलपॉलिश लावून चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उ. कळते. डायमिथाइलग्लायॉक्झिमचे चाचणी-किट ऑनलाइन मिळते. कापसाच्या काडीवर द्रवाचे थेंब टाकायचे (दोन बाटल्या असतील तर दोन्हींतले) आणि दागिन्याच्या कातडीला टेकणाऱ्या भागावर ३० सेकंद ते एक मिनिट जोर देऊन घासायचे. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे. करडा किंवा काळा झाला तर तो नुसता मळ. इथे चूक होते ती अशी, की लोक झुमक्याचा दर्शनी घुमट घासतात आणि ‘नाही आले’ म्हणून निश्चिंत होतात. घुमट कातडीला लागतच नाही. दांडी घासा, फिरकीची आतली बाजू घासा, कड्यांचे सांधे घासा. नव्या दागिन्याची चाचणी मुलामा शाबूत असल्यामुळे कोरी येऊ शकते. म्हणून वापरातल्या दागिन्यांची दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. या चाचणीत कोबाल्ट कळत नाही आणि काहींना दोन्हींची ॲलर्जी असते.

‘निकेल-फ्री’ या शब्दांमागे काय मोजले आहे ते विचारा. युरोपीय संघाने १९९४ मध्ये नियम केला, त्यातली मर्यादा आज अशी आहे: कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीसाठी ०.२. म्हणजे दागिन्यात किती निकेल आहे यापेक्षा किती सुटते हे महत्त्वाचे. ३१६एल जातीच्या ‘सर्जिकल’ स्टीलमध्ये १० टक्क्यांहून जास्त निकेल असूनही ते घट्ट बांधलेले असल्यामुळे पुष्कळांना चालते. जर्मन सिल्व्हरमध्ये मात्र चांदी औषधालाही नसते. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. नवरात्रात घातले जाणारे ऑक्सिडाइज्ड हार बरेचदा याचेच असतात. ॲलर्जी असेल तर ते अंगाला लावूच नका, ब्लाउजच्या कापडावर राहील असाच हार घ्या. निर्धास्तपणे घालता येतील असे धातू म्हणजे टायटॅनियम, नायोबियम, प्लॅटिनम आणि हॉलमार्कचे २२ कॅरेट सोने.

नेलपॉलिश ही एका समारंभापुरती सोय आहे. भाग स्पिरिटने पुसा, वाळू द्या, रंगहीन पॉलिशचा पातळ हात द्या, २० मिनिटांनी दुसरा, आणि रात्रभर वाळवा. जाड एकच हात दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. आपल्या हवेत घासणाऱ्या जागी हा थर एक-दोन दिवसांपलीकडे टिकेल असे धरू नका. कानाच्या भोकात जाणाऱ्या दांडीला लावू नका. तिथे तो लगेच निघतो, शिवाय काहींना पॉलिशच्या रेझिनचीही ॲलर्जी असते.

लोंबत्या कानातल्यांना याहून चांगला उपाय आहे. टायटॅनियमच्या हुकांची जोडी आणि दोन छोट्या पकडी आणा. जुन्या हुकाची खालची कडी दोन्ही पकडींत धरून एक टोक पुढे, एक मागे असे बाजूला सरकवा. ओढून फाकवली तर कडीचा गोल जातो आणि पुढे झुमका पडतो. जुना हूक काढा, नवा घाला, टोके तशीच उलट सरकवून जुळवा. पाच मिनिटांचे काम आहे. झुमका आवडता असेल तर टाकून देण्याची गरज नाही. बसक्या कुड्यांना हे जमत नाही. त्यांची दांडी डाख देऊन बसवलेली असते आणि आचेने मुलामा काळवंडतो, म्हणून बरेच सोनार नकली कुडीला हात लावत नाहीत.

प्र. पॅच टेस्ट करावी का? त्यात काय होते?
– एक वाचक, विरार

उ. कारण नक्की कळत नसेल, पुरळ सारखी उलटत असेल किंवा गुडघ्यात, दातात धातू बसवायचा असेल आणि दागिन्यांचा त्रास आधीपासून असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांशी बोला. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर या पालिका रुग्णालयांत त्वचाविभाग आहेत. तिथे चौकशी करा.

ज्यांची ॲलर्जी असू शकते असे पदार्थ भरलेल्या छोट्या वाट्या पाठीवर चिकटपट्टीने लावतात. निकेलसाठी बहुधा पेट्रोलियम जेलीत ५ टक्के निकेल सल्फेट असते. पट्ट्या ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा बघतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा. दुसरी भेट चुकवू नका, उशिरा उठणारी खूण तेव्हाच दिसते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, व्यायाम नाही. विरारहून उभ्याने लोकल पकडून घामाघूम झालात तर पट्ट्या सुटतात आणि पाच दिवस वाया जातात. जमल्यास डिसेंबर ते फेब्रुवारीत करा आणि सोमवारी लावून घ्या. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पाठीवर मलम लावत असाल तर आधी सांगा, कारण त्याने खरी ॲलर्जीही दडून राहते.

प्र. नातीचे कान टोचायचे आहेत. लेक स्वतः कानात काही घालू शकत नाही. काय काळजी घ्यावी?
– एक आजी, गिरगाव

उ. आजी, तुम्ही आधी विचारलेत हे फार चांगले केलेत. निकेलची ॲलर्जी जडण्याचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे टोचलेले ताजे भोक, कारण तिथे कातडीचा अडसरच नसतो. सोनाराकडून टोचून घेणार असाल तर हॉलमार्कच्या २२ कॅरेट सोन्याची तार आधी आणून द्या, ती आणि सुई दोन्ही निर्जंतुक करायला सांगा. डॉक्टरांकडे टोचणार असाल तर टायटॅनियमची दांडी मागा. मुलामा दिलेली ‘सोनेरी’ दांडी नको. भोक भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर तार बदलू नका. दिवसातून दोनदा सलाइनने (मिठाच्या निर्जंतुक पाण्याने) पुसा, तेल-हळद भरू नका. बारशाला भेट आलेले नकली डूल कितीही गोड असले तरी पेटीतच राहू द्या.

प्र. अंगठीखाली बोट हिरवे पडते. ही ॲलर्जीच ना?
– एक वाचक, चेंबूर

उ. नाही. ते तांब्याचे क्षार आहेत, साबणाने जातात. अंगठीखाली कातडी लाल, खरखरीत होत असेल तर पुष्कळदा भांड्यांचा साबण आत अडकून राहिलेला असतो. भांडी घासताना अंगठी काढून ठेवा, बोट कोरडे करून घाला. आठवडाभरात फरक दिसेल.

प्र. कपाळावर टिकलीच्या जागी खाज येते. टिकलीत धातू असतो का?
– एक वाचक, माहीम

उ. इथे दोष बहुधा गोंदाचा असतो. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचे रसायन असते. त्याने खाज येते आणि काहींच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. तसा डाग दिसू लागला असेल तर टिकली आजच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. उशीर केला तर रंग परत येणे कठीण जाते. दुसऱ्या ब्रँडची टिकली लावून बघू नका, गोंद तोच असू शकतो.

प्र. निकेल स्टीलच्या भांड्यांतही असते म्हणे. भांडी बदलू का? राजमा, काजू सोडू का?
– एक वाचक, बोरिवली

उ. भांडी बदलू नका. चांगल्या स्टीलमधून सुटणारे निकेल फार थोडे असते. नव्या भांड्यात पहिल्या काही वेळा आमसुलाचे सार किंवा टोमॅटोचा पदार्थ तासन्‌तास शिजत ठेवू नका, एवढे पुरे. राजमा, हरभरे, सोयाबीन, काजू, ओट्स, कोको यांत निकेल जास्त असते हे खरे. पण खाण्याने त्रास होणारे थोडेच, आणि त्यांना तळहातांवर बारीक खाजरे फोड येतात किंवा दागिने पूर्ण बंद करूनही पुरळ थांबत नाही. तुमचे तसे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चार-सहा आठवडे पथ्य करून बघा. नसेल तर राजमा खुशाल खा, आणि आधी कानातले तपासा.