इस्त्रीवाल्याकडची चावी

प्रश्न : माझं वय ४३, बँकेत नोकरी. वडगाव बुद्रुकला आमचा टू बीएचके आहे. सासर-माहेर दोन्ही तासगावकडचं, त्यामुळे पुण्यात कुणाचंही काम निघालं की मुक्काम आमच्याकडे. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाला लक्ष्मी रोडवर लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. मी दिवसभर बाहेर असते म्हणून खाली इस्त्रीवाल्याकडे एक चावी ठेवून दिली आहे, त्यामुळे कुणाची गैरसोय होत नाही. पण आता झेपत नाही. यंदा ३१ मार्चला क्लोजिंग उरकून रात्री दहाला घरी आले, तर हॉलमध्ये सात जण जेवत बसलेले. त्यातला एक अनोळखी मुलगा मलाच म्हणाला, "या, या, बसा." तो चुलत दिरांच्या मुलाचा मित्र निघाला. मी बेडरूममध्ये जाऊन रडले. मिस्टर म्हणतात, माणसं येतात हे भाग्य समज. माझा स्वभावच असा आहे की तोंडातून 'नाही' निघत नाही. कसं शिकू?
– सगळ्यांची वहिनी

उत्तर : वहिनी, पत्रात तुम्ही सासर, माहेर, मिस्टर, स्वभाव सगळ्यांना जागा दिलीत, आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय ते एका ओळीत उरकून टाकलंत. इस्त्रीवाल्याकडची चावी.

'नाही' म्हणता येत नाही म्हणता, पण तुम्हाला विचारलंय कुणी? माणूस एसटीनं स्वारगेटला उतरतो, रिक्षा करतो, इस्त्रीवाल्यापुढे हात करतो आणि तुमच्या सोफ्यावर आडवा होतो. यात तुमचं मत लागतं कुठे? हल्ली कितीतरी सोसायट्यांत भाजीची पिशवी घेऊन आलेल्या पोराला वर सोडायचं का, हे विचारायला फोन वाजतो. तुमच्याकडे मात्र 'इस्त्रीवाल्याकडे चावी असते' एवढं ठाऊक असलं की कुणीही आत. पुतण्याच्या मित्रापर्यंत ही माहिती पोचली आहे, म्हणजे तासगावात आणखी कुणाकुणाला आहे याचा विचार तुम्हीच करा.

बरं, ही चावी तिथं ठेवली कुणी? सासूबाईंनी नाही, दिरांनी नाही. तुम्ही. त्यामुळे मला तुमचा फारसा कळवळा येत नाही, रागावू नका. चावी नसती तर पाहुण्याला आधी फोन करावा लागला असता. "वहिनी, गुरुवारी येऊ का?" या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. ते दोन मिनिटांचं अवघडलेपण नको म्हणून तुम्ही घरच उघडं ठेवलंत. वर "पुण्यात वहिनी आहेत, काळजी नाही" हे कौतुकही मिळत राहिलं. ज्या गावात दुकानदारांनी दुपारी एक ते चार बंदची पाटी लावायला कधी मागेपुढे पाहिलं नाही, त्या गावात इतकी वर्षं राहून तुम्ही काय उचललंत, हा प्रश्नच आहे.

त्या मुलावर मात्र राग धरू नका. सात जणांत तुम्हाला 'बसा' म्हणणारा तो एकटाच होता, हे तुमच्या लक्षात आलं का? बाकी सहा जणांना तुमचं येणं इतकं ठरलेलं होतं की घास खाली ठेवावासा वाटला नाही. त्या रात्री तुम्ही जेवलात की नाही, हे पत्रात नाही. मला वाटतं, नाहीच.

मिस्टरांना भाग्य वाटतं तर वाटू दे. पाहुणे गेल्यावर चादरी आणि उशांचे अभ्रे कोण धुतं, तेही त्यांनी एकदा लिहून कळवावं.

तेव्हा 'नाही' म्हणायला सवडीनं शिका. आज संध्याकाळी खाली जाऊन चावी परत घ्या. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करू नका, आणि इस्त्रीवाल्याकडून काढून शेजारच्या काकूंकडे तर मुळीच ठेवू नका.

पुढे काय होईल ते सांगते. कुणीतरी नेहमीसारखं येईल, चावी मिळणार नाही, आणि तुम्ही काउंटरवर असताना फोन वाजेल. "अहो वहिनी, हा चावी नाही म्हणतोय!" तुम्ही म्हणा, "हो, मी घेतली परत. मला घरी यायला साडेसात होतील." बँकेतून लवकर निघू नका. बसू दे जिन्यात. ही बातमी तुमच्याआधी तासगावात पोचेल आणि तुमचं अर्धं काम तीच करेल. त्यानंतर लोक निघण्याआधी फोन करतील.

तो फोन आला की एवढंच सांगा, "या आठवड्यात नाही जमणार." कारण देऊ नका. जागा नाही म्हणालात तर "आम्ही खाली झोपू, आम्हाला कुठं गादी लागते." ऑडिट आहे म्हणालात तर "तू जा की ऑफिसला, स्वयंपाक मी बघते." प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे तोडगा तयार असतो, आणि तो ऐकून घेतलात की संपलं. सुचेनासं झालं तर "संध्याकाळी कळवते" म्हणून फोन ठेवा, पण मग संध्याकाळी खरंच कळवा.

मग बोलणी बसतील. "वहिनी पुण्याच्या झाल्या हो." याचीच तुम्हाला धास्ती आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्या सगळ्या माणसांना आपण आवडलोच पाहिजे, हा हट्ट माणसाला आजारी पाडतो, असं ते सांगत. ते पेशंटना भुयारी रेल्वेत मोठ्यानं स्टेशनांची नावं पुकारायला लावत. लोक टकामका बघतात, वेडा समजतात, आणि तरी आपण पुढच्या स्टेशनवर धडधाकट उतरतो, हे अनुभवानं कळावं म्हणून. तुम्हाला मेट्रोत ओरडायची गरज नाही. "वहिनी पुण्याच्या झाल्या" हे एकदा कानावर पडू द्या आणि खुलासा करायला कुणालाही फोन करू नका. दोन दिवस वाईट वाटेल. वाटू द्या.

परीक्षावाल्या मुलांची चिंता सोडा. पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहायला मिळतं, मेस मिळते, अभ्यासिका आहेत. एमपीएससी करणारी असंख्य मुलं तशीच राहतात. जागा शोधायचं काम त्यांचं, तुमचं नाही. आणि लक्ष्मी रोडवर लाखाचा बस्ता बांधणाऱ्यांना लॉजचं एका रात्रीचं भाडं जड जाऊ नये. मोतीबिंदूवाल्या बाईंचं वेगळं. त्यांना तुम्ही आपणहून बोलवा, तारीख तुमच्या सोयीची ठरवा, एक दिवस रजा टाका आणि ड्रॉप स्वतःच्या हातानं घाला. ते तुम्हाला मनापासून जमेल, असं पत्रावरून दिसतं.

आणि मिस्टरांना आधी विचारू नका. चावी घेऊन वर या, मग सांगा.