‘किट ओरिजिनल आहे’ म्हणून विकलेली गाडी

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी मी १९८६ ची पोर्श ९११ कॅरेरा घेतली. विक्रेत्यांकडे जुन्या गाड्यांचा संग्रह आहे आणि ते अधूनमधून गाड्या विकतातही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी लिहिलं होतं, ‘कंपनी टर्बो-लुक, कोड ४९१, किट पूर्ण ओरिजिनल.’ टर्बो-लुक म्हणजे साधी कॅरेरा, पण ९११ टर्बोसारख्या रुंद बॉडीची; त्या रुंद बॉडीच्या भागांनाच किट म्हणतात. करारात मात्र ‘गाडी जशी आहे तशी, पाहून-तपासून घेतली’ एवढंच आहे. रंगकामाला दिल्यावर डेंटरने डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवरचा रंग उतरवला, तर खाली फायबर आणि लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) निघाली. चाकामागे स्पेसरही (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) आहेत. विक्रेते म्हणतात, ‘किट पोर्शचंच आहे, म्हणजे ओरिजिनलच की!’ पुढच्या झाकणाखालच्या स्टिकरवर ४९१ छापलेलं दिसतं. गाडी गुंतवणूक म्हणून घेतली होती. व्यवहार रद्द करता येईल का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर : आधी डेंटरला फोन करून काम आहे त्या अवस्थेत थांबवा. उजव्या बाजूला कुणालाही हात लावू देऊ नका आणि डावीकडून निघालेले तुकडे पिशवीत तारीख टाकून ठेवा. यामागे दोन कारणं आहेत. गाडीचा पत्रा हाच तुमचा मुख्य पुरावा आहे आणि तो पॉलिशपेपरने घासला की गेला. दुसरं कारण कायद्याचं आहे. फसवणूक कळल्यावरही तुम्ही गाडी वापरत राहिलात, दुरुस्त करून घेतलीत, तर ‘यांनी व्यवहार मान्यच केला होता’ असा बचाव समोरून येतो आणि करार रद्द करण्याचा हक्क हातातून जाऊ शकतो. गाडी झाकून उभी करा.

आता या भांडणातल्या कळीच्या शब्दाकडे वळू. ‘ओरिजिनल’चे बाजारात निदान तीन अर्थ चालतात. एक, गाडी कारखान्यातूनच त्या किटसह बाहेर पडली. दोन, किट अस्सल कंपनीचं, पण नंतर कुणीतरी बसवलेलं. तीन, किट त्या काळातलं, पण दुसऱ्याच कुणी बनवलेलं. विक्रेते आता दुसऱ्या अर्थाच्या आडोशाला उभे आहेत. तुमचं नशीब असं की त्यांनी नुसतं ‘ओरिजिनल’ न लिहिता ‘कंपनी’ आणि ‘कोड ४९१’ असंही लिहिलं. ४९१ हा पोर्शचा टर्बो-लुकचा ऑप्शन कोड, म्हणजे गाडी मागवताना निवडलेल्या पर्यायाचा क्रमांक. तो गाडी घडवताना लागतो, नंतर पार्ट आणून बसवल्याने लागत नाही. त्यामुळे पहिला अर्थ सोडून दुसरा लावायला त्यांच्या स्वतःच्या वाक्यात जागा नाही. तुमचा दावा ‘किट नकली आहे’ असा न मांडता ‘कोड ४९१ ची म्हणून दिलेली गाडी कोड ४९१ ची नाही’ असा मांडा. पहिला मुद्दा वादाचा आहे, दुसरा मोजून-तपासून ठरवता येतो.

पण तो ठरवायचा अजून बाकी आहे, कारण एका कमानीतलं फायबर पुरेसं नाही. कारखान्यातून आलेली खरी टर्बो-लुक गाडी एखाद्या अपघातात मागून ठोकली गेली आणि कुणी ती स्वस्तात फायबर-लांबीने भरून काढली, असंही असू शकतं. तसं असेल तर तुमची केस पूर्ण बदलते. कोडचं विधान खरं ठरतं आणि उरतो तो अपघात लपवल्याचा आरोप. करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही, म्हणून ती केस बरीच कमकुवत असते.

तपासणी बाहेरून आत न करता आतून बाहेर करा. टर्बो-लुक म्हणजे नुसत्या रुंद कमानी नव्हेत. कोड ४९१ च्या गाडीला टर्बोचे ब्रेक आणि टर्बोचं सस्पेन्शनही येत असे. चारही चाकं काढा. चार पिस्टनचे, पंख्यासारख्या कडा असलेले अ‍ॅल्युमिनियमचे कॅलिपर आणि भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला हव्यात. साध्या कॅरेराचे कॅलिपर दोन पिस्टनचे असतात आणि डिस्कला भोकं नसतात. नुसतं रूप बदलणारा माणूस ब्रेकवर सहसा खर्च करत नाही. अरुंद हबवर जाड स्पेसर लावून चाक कमानीच्या कडेपर्यंत आणतो आणि मोकळा होतो. तरी स्पेसर सापडले एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. खुद्द टर्बोच्या काही गाड्यांना मागे कारखान्यातूनच स्पेसर असत. जाडी व्हर्नियरने मोजा, त्यावरचा शिक्का आणि क्रमांक यांचे फोटो घ्या.

मग उजवी मागची कमान आतून बघा, मातीचा थर फक्त पाण्याने धुऊन. टर्बोच्या रुंद कमानी पोलादी असतात. पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक कमानीच्या कडेपासून वर सरकवत न्या. कुठे पकड सुटते तिथे मास्किंग टेप लावा आणि टेपसकट फोटो काढा. त्याच रेषेवर रंगाची जाडी मोजणारं यंत्र फिरवा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा मारलेला २०० च्या वर जातो आणि लांबी असेल तिथे आकडा १००० ओलांडतो. निव्वळ फायबरवर चुंबकीय यंत्र वाचनच दाखवत नाही आणि तो कोरा पडदासुद्धा पुरावाच असतो. नंतर जोडलेल्या कमानीला आतून वेल्डिंगची सलग रेघ किंवा कापलेल्या जुन्या पत्र्याची कड दिसते. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ चा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा आहे. वेल्डिंगने तो मुलामा जळतो, म्हणून गंज नेमका त्या सांध्याच्या रेषेवरच धरतो. बाकी अंग स्वच्छ आणि कमानीच्या वरून गंजाची एकच कमान, हे चित्र तज्ज्ञाला पुष्कळ सांगून जातं.

गाडीची रुंदी मोजून फार हाती लागत नाही. साधी कॅरेरा १६५२ मिमी, टर्बो १७७५ मिमी. पण नकली कमानीही तेवढ्याच रुंद करता येतात. मागचा पंख तर विसराच. तो झाकणासकट बोल्टवर निघतो, त्यामुळे अस्सल असला तरी गाडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चॅसिस नंबर बघून टर्बो-लुक ओळखता येत नाही. दहावं अक्षर ‘जी’ असेल तर १९८६ चं मॉडेल, इतकंच. आणि विक्रेते इंजिनवरचा ‘९३०’ (हा ९११ टर्बोचा प्रकार-क्रमांक) दाखवून ‘बघा, टर्बोचा नंबर’ म्हणाले तर हसू आवरा. साध्या कॅरेराच्या ३.२ लिटर इंजिनाचाही प्रकार-क्रमांक ९३०/२० असाच आहे.

राहिलं स्टिकर. ते कागदी असतं आणि नव्याने छापलेली स्टिकरं सर्रास मिळतात. त्यावरचा चॅसिस नंबर पुढच्या डिकीत पेट्रोल टाकीजवळ कार्पेटखाली कोरलेल्या नंबराशी ताडून पाहा, आणि तीच प्रत सर्व्हिस पुस्तिकेत चिकटवलेली आहे का ते बघा. पुस्तिकेत ४९१ नाही आणि झाकणाखाली आहे, असं निघालं तर केसचं वजन एकदम वाढतं. स्टिकर खरवडू नका, उचकटू नका. त्याच वेळी पोर्शच्या अधिकृत केंद्रामार्फत, मालकीचा कागद आणि कोरलेल्या नंबराचा फोटो जोडून, कारखान्याच्या नोंदीतले ऑप्शन कोड लेखी मागवा. ते पत्र महत्त्वाचं, पण एकट्याने पुरत नाही. पत्र लिहिणारा परदेशातून साक्षीला येणार नाही आणि समोरचे वकील त्यावर हरकत घेतील. म्हणून पत्र आणि पत्रा दोन्ही हवेत.

ही तपासणी एकट्याने उरकू नका. विक्रेत्यांना निदान सात दिवस आधी तारीख, वेळ, जागा कळवून हजर राहायला बोलवा. आले तर उत्तम; न आले तर ‘आमच्या पाठीमागे केलं’ म्हणायची सोय त्यांनीच घालवली. अहवाल तुमच्या डेंटरचा नको, कारण दुरुस्तीचं काम त्यालाच मिळणार आहे. वाहन अभियांत्रिकीची पात्रता असलेला आणि उलटतपासणीत उभा राहू शकेल असा स्वतंत्र तपासनीस घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरलं जातं. फोटो मूळ फाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या फोटोतून तारीख-वेळेची माहिती निघून जाते. ज्या फोनवर तो ‘कोड ४९१’चा संदेश आहे तो विकू नका, रीसेट करू नका. त्याच अधिनियमाच्या कलम ६३(४) चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) जोडावं लागेल.

आता व्यवहाराचं. वस्तू विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे. पण तुम्ही गाडी स्वीकारून पाच महिने वापरलीत, त्यामुळे कलम १३(२) आडवं येतं. अटभंगाबद्दल आता गाडी परत करता येणार नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येईल. व्यवहारच रद्द करायचा असेल तर रस्ता करार कायद्याच्या कलम १७ आणि १९ मधून जातो. विक्रेत्याला खोटं ठाऊक होतं, किंवा खरं-खोटं न बघता त्याने ठामपणे सांगितलं, हे दाखवावं लागेल. ‘पाहून-तपासून घेतली’ या वाक्याची भीती बाळगू नका. ते दिसणाऱ्या दोषांना लागू पडतं, पण फसवून घेतलेल्या संमतीला ते वाचवत नाही. ‘साधं चुंबक लावलं असतं तर कळलं असतं’ हा युक्तिवाद नक्की येईल. कलम १९ चा तो अपवाद अजाणता केलेल्या चुकीच्या विधानाला आणि लबाडीच्या मौनाला आहे, सांगून-सवरून केलेल्या खोट्या विधानाला नाही. म्हणूनच त्यांचा लेखी संदेश इतका मोलाचा आहे.

कुठे जायचं? ग्राहक आयोग स्वस्त आणि तुमच्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते, मुदत दोन वर्षं. पण तुम्हीच ‘गुंतवणूक म्हणून घेतली’ लिहिता. नफ्याने पुन्हा विकण्यासाठी घेतली असेल तर तुम्ही ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि हे लपवून तक्रार करू नका, उलटतपासणीत निघतंच. शिवाय विक्रेते खासगी मालक की व्यापारी, हाही वाद आहे. त्यांच्या इतर विक्रीच्या जाहिराती जपून ठेवा. माझा कल दिवाणी दाव्याकडे आहे. करार रद्द करण्याच्या दाव्याला वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षं मिळतात आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली कोर्ट आयुक्त नेमून गाडी तपासून घेऊ शकतं.

पोलिसांत आज जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ला पहिल्यापासून फसवण्याचा हेतू लागतो. तो नसेल तर ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतील आणि तो शेरा समोरचे जपून ठेवतील. स्टिकर बनावट निघालं आणि ते त्यांनीच लावलं किंवा माहीत असून दाखवलं असं दिसलं, तर मात्र चित्र वेगळं.

एक बाजूचा धोका. बदललेली बॉडी तुमच्या नावावर असल्याने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीतल्या फेरबदलांचा) प्रश्न आता तुम्हाला विचारला जाईल, आणि विम्याच्या प्रस्तावात ‘फेरबदल नाहीत’ लिहिलं असेल तर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. विमा कंपनीला अहवाल आला की लेखी कळवा. व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर तो इथे लागू नाही. त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात.

अहवाल हातात आल्यावरच नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलनेही. संदेशातलं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करा, तपासणीतल्या तीन-चार ठोस गोष्टी लिहा, करार रद्द केल्याचं स्पष्ट शब्दांत कळवा, गाडी परत द्यायची तयारी दाखवा आणि १५ दिवसांत रक्कम मागा. त्याला पर्याय म्हणून भरपाई मागा : खऱ्या ४९१ ची आणि रूपांतरित गाडीची व्यवहाराच्या दिवशी जी किंमत होती तिच्यातला फरक. विक्रेते थोडे पैसे देऊन मिटवायला तयार झाले तर तडजोडीच्या कागदावर ‘गाडी कोड ४९१ ची नाही, बॉडी नंतर बदललेली आहे’ हे वाक्य त्यांच्या सहीने घ्या. उद्या तुम्ही ही गाडी विकाल तेव्हा तेच विधान खरेदीदाराला लेखी द्यायचं आहे.