वडिलांची रापी मिळाली, पण वेणी कोण शिकवणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर कोल्हापुरातल्या सुभाषनगरात, आजोबा आणि वडील कोल्हापुरी चप्पल करायचे, तुम्ही बारावीनंतर पुण्याला गेलात ते तिकडचेच झालात. आता चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा या कामाला बसावंसं वाटतंय. वडिलांची हत्यारं माळ्यावर आहेत, वडील मात्र "कशाला परत त्यात पडतोस?" म्हणतात. हात येईल का, सुरुवात कुठून करू आणि पोट भरेल का, हे तुम्हाला हवंय.

हात येईल. लहानपणी घरात वाद्या, म्हणजे चामड्याच्या बारीक पट्ट्या, कापलेल्या, भिजवायच्या कुंडीतलं चामडं उचलून दिलेलं, त्या बोटांना रापीचा, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराचा, कोन आठवतो. मी स्वतः लग्नानंतर कारकुनी करत बरीच वर्षं यातून बाहेर होते. परत बसले तेव्हा ठोकणं लगेच जमलं, वाद्या गुंफायच्या वेणीला फार वेळ लागला.

पण तुमचं सगळं वाचून एक गोष्ट खटकली. त्यात आजोबा आहेत, वडील आहेत, वडिलांची रापी आहे. आई कुठं आहे?

आपल्याकडे चप्पल एका माणसाच्या हातची कधीच नव्हती. तळ कापायचा, थर जोडायचे, ठोकायचं, टाच बसवायची ही पुरुषांची कामं. वेणी, गोंडे, पट्ट्यावरची नक्षी, बारीक शिवण ही बहुतेक घरांत बायकांची. गिऱ्हाईक चप्पल उलटसुलट करून "काय काम केलंय बघा" म्हणतं, तेव्हा ते बहुतेक वेळा बाईच्या कामाकडे बघत असतं. हे काम स्वयंपाक आवरून, पोराला मांडीवर घेऊन व्हायचं. म्हणून त्याची वेगळी मजुरी कुणी धरली नाही आणि धंद्याला नाव लागलं ते बापाचं. तुमच्या आईचे डोळे अजून साथ देत असतील, तर आधी तिच्याशेजारी बसा. वडिलांचं काम बघून बरंचसं उचलता येतं, कारण ते दिसतं. वेणीत दिसण्यासारखं फार थोडं असतं. वादी किती ओली ठेवायची, कुठल्या फेऱ्याला ताण द्यायचा, कुठं सैल सोडायचं, हे तिच्या बोटांना ठाऊक आहे आणि तिला विचारलंत तर ती "त्यात काय सांगायचं" म्हणेल. फोनवर हात जवळून टिपून ठेवा, आवाजासकट. आई नसेल किंवा तिला आता जमत नसेल, तर आत्या, मावशी, गल्लीतली एखादी म्हातारी शोधा. टाकाऊ तुकड्यांच्या सारख्या रुंदीच्या वाद्या कापून त्यावरच हात बसवा. रुंदी कमी-जास्त झाली की वेणी वाकडी होते, मग कितीही ओढा.

आता चामडं. तुम्ही गेलात तेव्हाचं आणि आजचं चामडं एक नाही, हे आधी डोक्यात घ्या. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीला ती लागू नाही. त्यामुळे तळाला मुख्यतः म्हशीचंच कातडं, वेणीला आणि बारीक कामाला बकऱ्याचं, आणि बराचसा माल परराज्यांतून, विशेषतः तमिळनाडूतून येतो. पूर्वी इथंच ढोर समाजाची माणसं चुन्यात कातडं भिजवून केस काढायची, मग त्याची पिशवी शिवून त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगायची. त्या कमावलेल्या कातड्याच्या जोरावर कोल्हापुरीचं नाव झालं. ते काम आता फार कमी ठिकाणी उरलंय, आणि तुम्ही घरी ते करू बघू नका. त्याला जागा, पाणी, सांडपाण्याची सोय आणि फार धीर लागतो. तयार माल घ्या, पण ओळखून घ्या.

ओळखायचं कसं? कापलेली कड उजेडात धरा. सालीत कमावलेलं कातडं आतपर्यंत एकसारखं तपकिरी दिसतं. क्रोममध्ये, म्हणजे रसायनात, कमावलेल्याच्या मधोमध निळसर किंवा राखाडी पट्टा दिसतो. पाण्याचा थेंब टाका: सालीचं चामडं पाणी पितं आणि तिथं गडद होतं. व्यापारी ओळखीचा असेल तर एक बारीक तुकडा मागून बाहेर मोकळ्यावर जाळून बघा. क्रोमची राख हिरवट पडते. क्रोम वाईट असं नाही, ते मऊ असतं, पिशव्या-पट्ट्यांना चालतं. पण कोल्हापुरीचा तळ भिजवून, ठोकून घट्ट करायचा असतो, त्यावर ठसे उठायला हवेत आणि पुढं पायाच्या आकारात तो बसायला हवा. ते क्रोममध्ये नीट होत नाही. आणि कातड्याचा कुठला भाग घेताय तेही बघा. पाठीचं दाट, पोटाचं सैल आणि ताणणारं. पट्टे आणि बाजूचे कान पोटाकडून कापलेत की महिन्याभरात चप्पल पायातून निसटायला लागते. पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापा, कमी ताणला जातो.

भिजवणं हा अर्धा खेळ आहे. कुंडीत बुचकळलं आणि लगेच कापायला घेतलं असं होत नाही. भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, ओल आतपर्यंत सारखी पोचली की मग कामाला घ्यायचं. जास्त ओलं असेल तर ठसा पसरतो आणि आरीनं पाडलेलं भोक फाटतं, कोरडं असेल तर रापी घसरते. वादी ओलसर ओढली की वाळताना आवळते. म्हणूनच जुन्या जोडीत खिळा नसतानाही थर सुटत नाहीत.

हत्यारांचं फार मनावर घेऊ नका. माळ्यावरची रापी, आरी, हातोडी खाली उतरवा, गंज काढा, रापी दगडावर पाणी घालून लावा आणि चामड्याच्या पट्टीवर फिरवून धार नीट करा. वडिलांच्या रापीची मूठ त्यांच्या हाताने झिजलेली आहे, ती तुमच्या पंजाला बसेलच असं नाही. बसली नाही तर दुसरी करून घ्या, भावनेपोटी बोटं कापून घेऊ नका. पाठीचं मात्र मनावर घ्या. वर्षानुवर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाची कंबर जमिनीवर दिवसभर टिकत नाही. मी उंच पाटावर बसते आणि दर तासाला उठते. तसं उठलेलं तुमच्या वडिलांना चालायचं नाही, पण त्यांना चाळिसाव्या वर्षी सुरुवात करायची नव्हती.

वडिलांच्या "कशाला?" बद्दल. त्यांना कामाची लाज वाटते असं मला वाटत नाही. या कामाच्या नावानं लोकांनी काय काय सुनावलं, शाळेत तुम्हाला कुठं बसवलं असेल, आडनाव ऐकल्यावर कुणाचा चेहरा कसा बदलला, हे त्यांनी बघितलंय, आणि तुम्ही त्यातून सुटावं म्हणून त्यांनी तुम्हाला शिकवलं. आता इटलीत मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दिसली म्हणून ज्यांना अचानक अभिमान वाटायला लागलाय, त्यांच्या नादानं वडिलांना समजवायला जाऊ नका. नोकरी सोडण्याआधी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून एखादी कड कापा. चुकलं की ते न बोलता राहणार नाहीत. आमच्याकडची जुनी माणसं पन्नास वेळा "नको" म्हणतील, पण वाकडी कड डोळ्यासमोर चालू देणार नाहीत.

पैशाचं स्पष्ट सांगते. पूर्ण हाताची जोड करून ती दुकानाला ठोक भावानं द्याल, तर पोट भरणार नाही. महाद्वार रोडवर किंवा चप्पल लाइनमध्ये फिरून बघा, शेजारी शेजारी मशीनचा आणि रेक्झिनचा माल "कोल्हापुरी" म्हणून लागलेला असतो. भावात त्याच्याशी तुम्ही टिकू शकत नाही, टिकायला जाऊही नका. पायाचं माप कागदावर घेऊन, ऑर्डरीप्रमाणे थोड्या जोड्या करा आणि थेट गिऱ्हाइकाला द्या. जांगडवर, म्हणजे विकला तरच पैसे या बोलीवर, माल ठेवू नका. माल परत येतो तेव्हा त्याचा रंग उडालेला असतो आणि पैसे आलेले नसतात. भाव काढताना आईचे तास आपल्या तासांइतकेच धरा. बरीच पोरं इथंच गडबडतात: चामडं, रंग, रिक्षा सगळं मोजतात आणि वेणी फुकटात धरतात. एकदा आईची मजुरी धरून हिशोब करा, मग कळेल की घरचा धंदा इतकी वर्षं कुणाच्या जोरावर "परवडत" होता. टाचेला खाली रबर हवं म्हणून गिऱ्हाईक विचारेल. मी टाचेपुरतं लावते, पूर्ण तळाला नाही. डांबरी रस्त्यावर नुसती टाच झिजते हे खरं आहे, उगीच शुद्धतेचा हट्ट कशाला?

कागदपत्रांचं थोडक्यात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर असे आठ जिल्हे त्यात आहेत, म्हणजे सुभाषनगर आत आहे. ते नाव आणि खूण रीतसर वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, ती चर्मोद्योग महामंडळाच्या कार्यालयात विचारा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पादत्राण कारागीर धरलेले आहेत: प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. अट अशी की एका कुटुंबातून (म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं) एकच जण, तोही प्रत्यक्ष हे काम करणारा, आणि घरात सरकारी नोकरदार नको. त्यामुळे नाव कुणाचं घालायचं ते बसून ठरवा. तुम्ही अजून पगारी नोकरीत आहात, आईनं मात्र हे काम आयुष्यभर केलंय.

आणि नोकरी सोडायची असेलच तर उन्हाळ्याच्या शेवटी सोडू नका. जूनपासून आपल्याकडे चामडं वाळत नाही, बुरशी धरते, विक्रीही बसते. दिवाळीनंतर सुरू केलंत तर पुढं लग्नसराई आणि मे महिन्याच्या सुट्टीतले अंबाबाईच्या दर्शनाचे लोक, एवढा हंगाम मिळतो. तोवर संध्याकाळी सराव करा. चामडं प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून हवेशीर ठेवा.

पहिलं कातडं घ्यायच्या आधी व्यापाऱ्याकडून एक तुकडा मागून घ्या आणि त्याच्या कापलेल्या कडेचा उजेडातला फोटो मला पाठवा. घ्यायचं की नाही ते बघून सांगते.