डॉक्टरांची आणि नर्सची आचारसंहिता वेगळी असते का? डॉक्टरांची ऑर्डर नर्सने पाळायचीच असते का?

तुमची मुलगी यंदा बीएस्सी नर्सिंगला लागली म्हणून विचारताय, तर पुस्तकातलं कमी आणि वॉर्डातलं जास्त सांगते. मी नागपुरात स्टाफ नर्स होते, आधी सरकारीत, मग धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात.

डॉक्टरांना आचारसंहिता म्हणून 2002 चे विनियम लागू आहेत. 2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे आणले, पण त्याच महिन्यात स्थगितही केले. जुने वाचाल तर बरीचशी भाषा व्यवहाराची वाटेल: जाहिरात नको, पेशंट पाठवल्याचं कमिशन नको, औषध कंपनीच्या भेटी नकोत, ॲडमिट पेशंटचे कागद 3 वर्षं सांभाळा, मागितले तर 72 तासांत द्या. नर्सिंगबद्दल त्यात जेमतेम एक कलम आहे, तेही फार्मसीसोबत. या व्यवसायांना मान द्या आणि लागेल तिथे सहकार्य घ्या, बस.

नर्सची संहिता इंडियन नर्सिंग कौन्सिलची. ती आटोपशीर आहे. पेशंटचा मान, त्याची गुप्तता, उपचारात त्याचा सहभाग, कायद्याच्या आणि व्यवसायाच्या मर्यादेत राहून काम. भर सगळा खाटेजवळच्या वागण्यावर. साहजिकच आहे, कट प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे त्या कमिशनच्या धंद्यात, आम्हाला विचारतो कोण!

आता ऑर्डरचं. पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे केसीएल, सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं, ते सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचं असतं. रात्री दोनला फोनवर कोणी नुसतंच म्हणालं, "केसीएल देऊन टाका सिस्टर," तर विचारायचं: किती, कशात, किती तासांत? ऐकलेलं पुन्हा वाचून दाखवायचं, वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, नंतर सही घ्यायची. सर चिडतात. चिडू द्यावं. तरीही ऑर्डर चुकीची वाटली तर द्यायचं नाही, इन्चार्ज सिस्टरला कळवायचं आणि नोट्समध्ये तसं लिहायचं. "डॉक्टर म्हणाले म्हणून दिलं" एवढ्यावर चौकशीत सुटका होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नर्सच्या स्वतःच्या नावावर असतं.

दुसरी अडचणीची जागा म्हणजे ऑपरेशनची संमती. लेखी संमती घेण्याची जबाबदारी डॉक्टरांच्या विनियमांत डॉक्टरांवरच आहे. प्रत्यक्षात राउंड संपवून निघता निघता सांगतात, "सिस्टर, सही घेऊन घ्या." आणि भंडाऱ्याकडून आलेली म्हातारी फॉर्मकडे बघत विचारते, "बाई, हे कायची सही होय?" आपल्याला उत्तर येत असतं, मागे दहा कामं पडलेली असतात, अंगठा घ्यायला अर्धा मिनिट पुरतो. तरी नाही घ्यायचा. काय कापणार, धोका कोणता, दुसरा इलाज आहे का, हे डॉक्टरांनीच येऊन सांगायचं. तोवर फॉर्म फाईलमध्ये कोरा राहू द्यायचा आणि ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, तसं कळवायचं. यावरून मी बोलणी खाल्ली आहेत, पण माझ्या मते नर्सचं खरं काम इथेच दिसतं.

मुलीला संहिता पाठ करावी लागेलच. पण फोनवरची ऑर्डर लिहून घ्यायची सवय तिने क्लिनिकल पोस्टिंगपासूनच लावून घ्यावी, सीनियर हसल्या तरी.