समोरच्याला बोलू द्यायचं का? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळचे प्रश्न वेगवेगळ्या गावांतून आलेत पण सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपण लिहितो, छापतो, कार्यक्रम घेतो, मग त्यावर बोलायला लोकांना जागा द्यायची का आणि दिली तर ती सांभाळायची कशी. म्हणून एकत्रच घेतले.

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या भिंतीवर आम्ही पोरं मिळून दर पंधरवड्याला भित्तिपत्रक लावतो. खाली अभिप्रायाची वही बांधून ठेवली होती. आधी बरं चाललं, मग एकानं एका मुलीच्या कवितेखाली तिच्या घरच्यांबद्दल घाण लिहिलं, नाव नाही गाव नाही. मोठी माणसं म्हणताहेत वही काढा. काढू का?

आधी ते पान वहीतून काढा, पण फाडून टाकू नका, पाकिटात घालून जपून ठेवा. आणि पुढं काय करायचं ते त्या मुलीला विचारा, मंडळाची बैठक घेऊन तिच्या वतीनं परस्पर ठरवू नका. उद्या तक्रार द्यावी असं तिला वाटलं तर ते पान लागणार.

आता वहीचं. मला सांगा, ती वही रोज कोण वाचत होतं? बहुतेक कोणीच नाही, आणि सगळा घोळ तिथंच आहे. उघडी वही म्हणजे तुमच्या आधी अख्खं गाव वाचतंय आणि तुम्हाला कळेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. रोज बघणारा माणूस मिळत नसेल तर वही काढा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, भित्तिपत्रक नुसतं वाचायला लावलं तरी ते चांगलंच काम आहे. पण माझं मत विचाराल तर वहीच्या जागी कुलूपवाली पेटी लावा, रविवारी दोघांनी मिळून उघडायची (एकट्यानं नको, नाहीतर चिठ्ठ्या दाबल्या म्हणून बोल लागतोय) आणि निवडक चिठ्ठ्या पुढच्या अंकात तुमच्या उत्तरासकट लावायच्या. पेटीवर एकच नियम लिहा, लिखाणावर बोला, माणसावर नको. आणि तो नियम स्वतःलाही लावा, म्हणजे अंक रटाळ झालाय, तेच तेच विषय येतात, असं कोणी लिहिलं तर ती चिठ्ठी पहिली लावायची. कौतुकाच्या तेवढ्या लावल्या तर महिनाभरात लोकांना कळतंय आणि पेटी रिकामी राहते.

पूर्ण बंद करू नका असं मी का म्हणतोय तेही सांगतो. समजा तुमच्यातल्या कोणी म्हादईवर लेख लिहिला आणि ती कणकुंबीला उगम पावते असं लिहून टाकलं. जांबोटी भागातला एखादा म्हातारा शेतकरी वाचेल आणि म्हणेल, अरे पोरांनो, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, म्हादई तिकडं भीमगडच्या रानातली. दोन्ही नद्या आपल्याच तालुक्यातल्या म्हणून गल्लत होते, पण एक घाटाखाली उतरून गोव्याला जाते आणि दुसरी पूर्वेला कृष्णेकडं, एवढा फरक आहे! ही दुरुस्ती करणारा माणूस तुमच्या गावातच आहे, त्याला चिठ्ठी टाकायला जागा पाहिजे.

प्रश्न: बेळगावात आमच्या संस्थेचं त्रैमासिक आहे, त्यात वाचकांची पत्रं सुरू करायची आहेत. 'व्यक्त झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' असं खाली छापलं की आमची जबाबदारी संपते ना? आणि निनावी पत्रं घ्यायची का?

नाही संपत. ही ओळ सगळेच छापतात आणि सगळ्यांना वाटतं आपण सुटलो. पत्र वाचकाचं असलं तरी ते छापायचं हे तुम्ही ठरवलंय, त्यामुळं बदनामीचा खटला पत्रलेखकाबरोबर संपादकावरही होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून जुनं भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात बदनामीचं कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेची शिक्षा पण घातली आहे.

पण घाबरून पान बंद करण्याआधी त्याच कलमातले अपवाद वाचा, फार कामाचे आहेत. पुस्तक छापणारा, भाषण करणारा, रंगमंचावर उभा राहणारा माणूस आपलं काम लोकांपुढं मताला ठेवत असतो, असं कायदाच म्हणतो. उदाहरणही तिथंच दिलंय. अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्याची बुद्धी कमकुवत असणार, असं कोणी सद्भावनेनं म्हटलं तर चालतंय, कारण ते मत पुस्तकावरून काढलंय. पण त्याचं पुस्तक असलं निघालं यात नवल काय, माणूसच कमकुवत आणि बाहेरख्याली आहे, असं म्हटलं तर ते अपवादात बसत नाही, कारण ते पुस्तकातून आलेलं नाही. म्हणजे खानापूरच्या पोरांना पेटीवर लिहायला सांगितलेला नियम तो हाच. पत्र हातात आलं की पेन्सिल घ्या आणि एकेका वाक्याला विचारा, हे लिखाणाबद्दल आहे की घराबद्दल, जातीबद्दल, चारित्र्याबद्दल? दुसऱ्या प्रकारचं वाक्य गाळा, आणि गाळलंय हे पत्रलेखकाला फोन करून सांगा. त्याला पटलं नाही तर पत्र छापूच नका. त्याला न विचारता कापून छापलं तर चिडणारच की तो.

निनावीचं म्हणाल तर, अंकात नाव नसलं तरी चालेल, तुमच्याकडं नाव, पत्ता आणि फोन पाहिजेच. लोकहितवादींनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये जी पत्रं लिहिली ती टोपणनावानंच, स्वतः सरकारी नोकरीत होते ते. एवढी परखड पत्रं खऱ्या नावाचा आग्रह धरला असता तर आली असती का? आपल्याकडंही शाळेतले शिक्षक, सोसायटीतले कर्मचारी यांना नाव देऊन लिहिणं जड जातंय, त्यांना सांभाळून घ्या. तुम्हालाही ज्याचा पत्ता नाही त्याचं पत्र मात्र नको.

प्रश्न: आमच्या गावचं साहित्य संमेलन थंडीत असतं. परिसंवादानंतर लोकांना प्रश्न विचारू द्यावेत असं आम्हा तरुणांना वाटतं, ज्येष्ठ म्हणतात माइक हातात गेला की सीमाप्रश्न निघणार, गोंधळ होणार, पुढच्या वर्षी परवानगीला त्रास.

ज्येष्ठांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, कुठंही जा, एका दिवसात दिंडी, उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन एवढं सगळं बसवायचं असतं, आणि एकानं माइक धरला की सोडत नाही. आणि सीमाप्रश्न निघणारच हो, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, लोकांच्या पोटात आहे ते ओठावर येणारच.

माइक फिरवू नका, चिठ्ठ्या फिरवा. परिसंवाद सुरू असतानाच हायस्कूलच्या पोरापोरींकडून कोरे कागद वाटा आणि गोळा करा, सूत्रसंचालकानं चारपाच निवडून वक्त्यांना विचारावेत. चिठ्ठीचा मोठा फायदा म्हणजे मागं बसलेल्या बायका लिहितात, त्यांना भर मांडवात उभं राहून बोलायचा संकोच वाटतो. विषय शेतीचा असेल तर शेतीचेच प्रश्न, हे आधीच जाहीर करा. आणि सीमाप्रश्नावर बोलायचंच असेल तर त्यासाठी रीतसर परिसंवाद ठेवा, शेवटच्या दहा मिनिटांत तो उरकण्याएवढा लहान नाही.

प्रश्न: मी निपाणीची. दिवाळी अंकात माझी कविता आली की खाली मोबाइल नंबर छापतात. रात्री अकरा वाजता फोन येतात, 'कविता आवडली' म्हणून सुरू होतं आणि भलतीकडंच जातं. नंबर देऊ नको म्हटलं तर संपादक म्हणतात वाचकांशी संवाद तुटेल.

ताई, नंबर देऊ नका. कविता दिली म्हणजे झोपेची वेळ दिली नाही तुम्ही. संपादकांना स्पष्ट लिहून कळवा की माझ्या नावाखाली अंकाचा पत्ता किंवा ईमेल छापा, आलेली पत्रं मला पाठवा. ज्याला खरंच काही सांगायचंय तो चार ओळी लिहितोच. जे फोन आलेत त्यांचे नंबर आणि वेळा टिपून ठेवा, मेसेज पुसू नका, आणि एकदा नको म्हणून सांगितल्यावरही कोणी मागं लागला तर तो पाठलागाचा गुन्हा आहे, त्याच संहितेतलं कलम ७८, सरळ ठाण्यात जा. आणि संपादक मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे, बायकांचे नंबर त्यांना विचारल्याशिवाय छापू नका हो.

प्रश्न: आमच्या मराठी अंकाला एका वाचकाचं कन्नडमधून पत्र आलंय, लेखावर टीका आहे पण नीट लिहिलंय. छापायचं?

छापा की. मराठी अंक विकत घेऊन, वाचून, वेळ काढून लिहिलंय त्यानं. चांगल्या माणसाकडून मराठी करून घ्या, छापण्याआधी त्याला दाखवा, आणि शेजारी लेखकाचं उत्तर द्या.