प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : अग्निशामक भरतीची शारीरिक चाचणी

प्रश्न : अमेरिकेत अग्निशामक दलाच्या उमेदवारांसाठी ‘सीपॅट’ ही प्रमाणित शारीरिक चाचणी घेतली जाते. तिच्यासाठी रोज धावण्याचा सराव पुरेसा आहे का?

उत्तर : नाही. अंगावर सुमारे २२.७ किलोचे जाकीट घालून होज (आग विझवण्यासाठीची पाण्याची नळी) ओढणे, शिडी उभारणे, अंधाऱ्या बोगद्यातून रांगत जाणे अशी ८ कामे १० मिनिटे २० सेकंदांत पूर्ण करायची असतात. आमच्या मते खरा कस पहिल्याच कामात लागतो; कारण यंत्रावरचा जिना चढताना खांद्यांवर आणखी सुमारे ११.३ किलो भार असतो, कठड्याला धरून राहता येत नाही, आणि मिनिटाला ६० पायऱ्यांच्या गतीने ३ मिनिटे चढून यंत्रावरून उतरल्यावर, पोटऱ्या भरून आलेल्या असतानाच, होज ओढायला घ्यावा लागतो. म्हणून वजन घेऊन जिने चढण्याचा सराव अवश्य करावा, मात्र भार आठवड्यागणिक थोडाथोडाच वाढवावा.